तोकुजींच्या नावाचा वाडगा

त्सुजिमुरांच्या फुसाए-सानचं बाहेर काहीतरी आहे, ही बातमी आमच्या गल्लीत टोफूच्या दुकानातून निघाली आणि दुपारच्या आत बिवा तळ्याकाठच्या शेवटच्या घरापर्यंत पोचली. पुरावाही भक्कम होता. बाई सकाळी नवे बूट घालून, ओठांना रंग लावून, एकटीच स्टेशनाकडे गेली. दिवेलागणीला लंगडत परत आली. आणि गल्लीत कुणाच्याही घरी खाऊचा एक पुडा पोचला नाही. आमच्याकडे माणूस शेजारच्या गावी दात उपटायला गेला तरी येताना तिथली बिस्किटं घेऊन येतो आणि दारोदार वाटतो. जो वाटत नाही त्याला आपण कुठे गेलो होतो ते सांगायचं नसतं, एवढं साधं गणित.

"गरम पाण्याच्या झऱ्यावर गेली असणार," टोफू कापता कापता योनेदाबाई म्हणाल्या. हे दुकान त्यांचंच.

"भर ऑगस्टात? गरम पाण्यात?" कुणीतरी शंका काढली.

"म्हणूनच तर. पाण्यासाठी कोण जातंय?"

खरी गोष्ट अशी की फुसाए-सान शिगाराकीला गेली होती. कुंभारांच्या गावाला. एकटी. दिवसभरात तिला जे पुरुष भेटले ते सगळे मातीचे होते, आणि ती गेली होती ती एका वाडग्यासाठी.

आता वाडग्यासाठी एवढं काय, असं कुणी विचारेल, तर त्याने त्सुजिमुरांचं जेवण पाहिलेलं नाही. लग्नात त्यांना नवरा-बायकोच्या भाताच्या वाडग्यांची जोडी आली होती. सगळ्यांनाच येते. नवऱ्याचा निळा आणि मोठा, बायकोचा तांबडा आणि लहान. फुसाए-सानची भूक मात्र लहानपणापासून निळ्या मापाची. माहेरी तीन भावांच्या बरोबरीने जेवलेली मुलगी. सासरी पहिल्याच आठवड्यात तिने दुसऱ्यांदा भात घेतला, तेव्हा सासूबाई लोणच्याच्या मुळ्याकडे बघत म्हणाल्या होत्या, "तब्येत चांगली आहे हो सूनबाईंची." त्यानंतर तिने दुसऱ्यांदा भात घेतला नाही. सासूबाई गेल्या, सवय राहिली. तिचे यजमान तोकुजी-सान मात्र वाडगा रिकामा झाला की तो हवेत धरायचे, काही बोलायचे नाहीत. ती अर्ध्या घासावरून उठायची, भरून आणायची, परत बसेपर्यंत तिचं मिसोचं सूप गार झालेलं असायचं.

पुढे ती डबे भरण्याच्या एका स्वयंपाकघरात कामाला लागली. दिवसभर दुसऱ्यांच्या डब्यांत भात दाबून भरायचा आणि घरी येऊन स्वतःच्या वाटीभर भाताला हात जोडायचे. एकदा तिने धीर करून बाजारात एक मोठा वाडगा उचलला. दुकानदारीण म्हणाली, "यजमानांचा फुटला वाटतं? मग तुमचाही जोडीचा घ्या, एकटा कसा नेणार?" बाई दोन वाडगे घेऊन घरी आली. मोठा कुणी वापरला ते सांगायला नको.

म्हणून हा शिगाराकीचा बेत. आपल्या हाताने, आपल्या मापाचा वाडगा करायचा. तो तरी दुसऱ्याच्या हाती कसा जाईल? गल्लीत कुणाला सांगितलं नाही, कारण काय सांगणार? की मला पोटभर जेवायचंय?

निघायच्या सकाळी तोकुजी-सानांनी पातेल्याचं झाकण उघडून पाहिलं. करी होती. बस डेपोतून निवृत्त झाल्यापासून ते दिवसभर घरीच असायचे.

"अगं, एवढी? कायमची चाललीस की काय?"

"संध्याकाळी येते. दुपारी गरम करून घ्या."

"गरम कशी करायची?"

"गॅस पेटवून."

कुठे चाललीस, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित तिने सांगितलंही असतं.

किबुकावाला गाडी बदलून ती डोंगरातल्या एकाच डब्याच्या गाडीत बसली. शिगाराकीला उतरली आणि स्टेशनासमोरच तिला मातीचा तानुकी भेटला, कोल्ह्याच्या जातीचं ते गुबगुबीत जनावर: माणसाहून उंच, डोक्यावर गवती टोपी, सुटलेलं पोट, एका हातात दारूची सुरई, आणि चेहऱ्यावर जेवण कुठे आहे असा भाव. त्याच्यामागे त्याची सगळी जात रस्त्याच्या दुतर्फा उभी. फुसाए-सान क्षणभर थांबली. एवढा लांबचा प्रवास करून हेच बघायला आलो का, असं तिच्या मनात आलं, आणि ती एकटीच हसली. त्या दिवसातलं ते पहिलं हसू. दुसरं यायला बराच वेळ होता.

चाकावर वाडगा करायला शिकवणारा वर्ग दुपारी उशिरा होता. एवढ्या लांब आलोच आहोत तर सगळं बघायचं, असं तिने ठरवलं, आणि इथेच तिची नव्या बुटांशी गाठ पडली. उन्हाने रस्ता तापलेला. टेकडीवर चढत गेलेली जुनी भट्टी पाहिली, खणाखणांची, आतून काळी आणि थंड. तिथेच बसून राहावंसं वाटलं, पण मागून पर्यटकांचा घोळका आला. मग देवळाच्या पायऱ्या. वर पोचली तेव्हा टाच सोलवटली होती. देवापुढे हात जोडले आणि सवयीने मुलीच्या बाळंतपणासाठी, नवऱ्याच्या रक्तदाबासाठी, जावयाच्या बढतीसाठी मागून झालं. पायऱ्या अर्ध्या उतरल्यावर आठवलं, वाडगा चांगला होऊ दे हे मागायचं राहिलंच. परत चढायचं त्राण नव्हतं.

जेवायला गेली तिथे मुलीने विचारलं, "एकट्याच?" आणि गल्ल्याशेजारी, भिंतीकडे तोंड करून बसवलं. वर मोठ्या प्रेमाने म्हणाली, "भात जरा कमी देऊ ना? बायकांना जातच नाही एवढा."

"हो, कमीच द्या," फुसाए-सान म्हणाली.

म्हणाली आणि जीभ चावली. पण शब्द गेला होता, भातही आला होता, मूठभर. शेजारच्या ट्रक ड्रायव्हरच्या ताटात डोंगर. ती भिंतीकडे बघत जेवली आणि अर्धपोटीच उठली.

वर्गात पोचली तेव्हा दोन जोडपी आधीच चाकांपुढे बसली होती. नवी लग्नं झालेली, जोडीचे वाडगे करायला आलेली, एकमेकांच्या नाकाला माती लावून खिदळणारी. शिकवणारी पोरगी चटपटीत होती.

"काकू, काय करायचं?"

"भाताचा वाडगा."

"मग एवढी पुरे." तिने मातीचा एक गोळा तोडून दिला. बरोबर तांबड्या मापाचा.

"थोडी जास्त द्याल का?"

"अच्छा, यजमानांसाठी होय?" पोरीचा चेहरा खुलला. दोन्ही जोडप्यांनी माना वळवल्या.

नाही, माझ्यासाठीच. एवढंच वाक्य होतं. गाडीत बसल्यापासून ते फुसाए-सानच्या तोंडात तयार होतं. पण पाच माणसं कौतुकाने बघत असताना साठीची बाई कुठल्या तोंडाने म्हणणार, की मलाच एवढा भात लागतो?

"हो," ती म्हणाली.

"मग आणखी मोठा करू या. भाजल्यावर माती आकसते ना. नाहीतर वाडगा बायकी होईल आणि ते बिचारे उपाशी राहतील."

"राहू नयेत," फुसाए-सान म्हणाली.

पुढचा अर्धा-पाऊण तास मात्र तिचा होता. चाक फिरायला लागलं, ओली माती तळव्यांत वर आली, आणि टाच, ऊन, भिंत, सगळं विसरायला झालं. भात दाबून दाबून तिच्या हातांना जोर होता. वाडगा रुंद झाला, खोल झाला, काठ थोडा वाकडा राहिला तो तिने मुद्दामच राहू दिला. दोन्ही ओंजळींत बरोबर बसत होता. आपला वाडगा हाताला कसा लागतो ते तिला पहिल्यांदाच कळत होतं.

मग पोरगी बांबूची काडी घेऊन आली. "तळाला नाव कोरायचं, म्हणजे भट्टीत अदलाबदल होत नाही. यजमानांचं नाव काय?"

एका खोट्यापुढे दुसरं बोलावंच लागतं. "तोकुजी."

"तुम्हीच कोरा ना. त्यांना केवढं बरं वाटेल."

आणि तिने कोरलं. मन लावून, नीट अक्षरांत. शेजारच्या जोडप्यातली नवी नवरी भारावून आपल्या नवऱ्याला म्हणाली, "बघ, एकट्या एवढ्या लांब आल्या त्यांच्यासाठी. तू आला असतास का?" तो बिचारा चाक जोरात फिरवायला लागला. फुसाए-सानने काडी परत केली.

परतीच्या गाडीआधी स्टेशनाच्या दुकानात ती तानुकीच्या आकाराच्या बिस्किटांसमोर उभी राहिली. योनेदाबाईंना एक, कोपऱ्यावरच्या म्हातारीला एक, डबे भरणाऱ्या बायकांना मोठा. हात आपोआप पुडे उचलत गेला. मग तिने ते एकेक करून होते तिथे परत ठेवले. आज आपल्यासाठी काही झालं नाही, तर कुणासाठीच काही न्यायचं नाही. रागाने माणूस काहीही करतो. फुसाए-सानने बिस्किटं घेतली नाहीत.

घरी आली तर तोकुजी-सान टीव्हीसमोर. "करी संपली," ते म्हणाले. "रात्रीचं काय?"

तर ही ती भानगड. अफवा पुढे महिनाभर सुखाने नांदली. टोफू घ्यायला गेली की योनेदाबाई म्हणायच्या, "फुसाए-सान, चेहऱ्यावर तेज आलंय हो हल्ली. कुठल्या झऱ्याचं पाणी म्हणायचं?" फुसाए-सान म्हणायची, "सांगेन कधीतरी," आणि पिशवी घेऊन निघायची. तिने नाकारलं नाही म्हणून गल्लीची खात्रीच पटली. तिला मात्र ती अफवा बरी वाटत होती. गल्लीच्या हिशेबी का होईना, तिचं एकटीचं काहीतरी होतं.

सप्टेंबरात उन्हाळा ओसरायला लागला आणि शिगाराकीहून भाजलेल्या वाडग्याचं पार्सल आलं. ती कामावर होती, तोकुजी-सानांनी उघडलं. वाडगा राखी-तांबूस भाजला होता, एका बाजूला भट्टीतल्या राखेचा हिरवट ओघळ. त्यांनी उलटा करून पाहिला आणि तळाला बायकोच्या अक्षरात आपलं नाव वाचलं.

ती घरी आली तेव्हा ते वाडगा मांडीवर घेऊन बसले होते. डोळे ओले होते. आयुष्यात पहिल्यांदाच ते तिला विचारत होते, "त्या दिवशी एवढ्यासाठी गेली होतीस?"

या माणसाला आता नाही म्हणायचं तरी कसं? फुसाए-सान ओट्याकडे वळली आणि तांदूळ धुवायला लागली.

दुसऱ्या दिवशी तोकुजी-सान वाडगा रुमालात बांधून टोफूच्या दुकानात गेले.

"आमच्या हिने केला," ते म्हणाले. "शिगाराकीला जाऊन. भर उन्हात. एकटी."

योनेदाबाईंनी वाडगा उलटसुलट करून पाहिला, नाव वाचलं, आणि महिन्याभराची बातमी मुकाट्याने गिळली. "असं होय," त्या म्हणाल्या. "आणि आम्ही काय काय समजलो. नशीबवान आहात हो." दुपारपर्यंत गल्लीत फुसाए-सान आदर्श बायको झाली. सुनांना तिचं उदाहरण द्यायला लागले. परपुरुषाच्या अफवेपेक्षा हे तिला सोसायला जड गेलं, पण सांगणार कुणाला?

आमच्याकडे वाडगा ज्याचा त्याचाच. एकदा कुणाचा झाला की घरातलं दुसरं माणूस त्याला ओठ लावत नाही. तोकुजी-सान त्यात दोन्ही वेळा जेवायला लागले, आणि भूक होती तेवढीच असूनही दुसऱ्यांदा मागायची सवय सुटली नाही. फुसाए-सानच्या वाट्याला कुकरच्या तळाचं खरवडलेलं यायचं, ते तांबड्या वाडग्यालाही पुरत नव्हतं. "काय मापाचा केलास," ते दर जेवणाला म्हणायचे. "बरोबर माझ्या पोटाचा."

ऑक्टोबरात तिच्या भावाकडून नव्या तांदळाची गोणी आली. त्या संध्याकाळी योनेदाबाई टोफूचं भांडं घेऊन त्यांच्या दारात उभ्या होत्या, म्हणून पुढचं आम्हाला कळलं. नव्या भाताचा वास बाहेरपर्यंत आला होता. फुसाए-सानने मोठा वाडगा भरला, वर आणखी एक डाव ठेवला, आणि तो स्वतःसमोर ठेवला. तांबडा, काठाला टवका उडालेला, भरून नवऱ्यासमोर ठेवला. मग हात जोडून जेवायला बसली.

तोकुजी-सानांनी मोठ्या वाडग्याकडे बोट दाखवलं. "अगं, चुकलीस."

"नाही."

योनेदाबाई आत येईनात आणि बाहेरही जाईनात.

"त्यावर माझं नाव आहे," तोकुजी-सान म्हणाले.

फुसाए-सानने आधी तोंडातला घास नीट चावून गिळला.

"तुमचं नाव लग्नापासून माझ्यावरही आहे," ती म्हणाली. "तेही आजवर मीच वापरलंय. जेवा."