गाडी पुकारणारा

रोहा-पेण गाडीवर मी सात वर्षं कंडक्टर होतो, आणि त्या सात वर्षांत एकदाही आनंदाने कामावर गेलो नाही, हे आधीच कबूल करतो. एसटीत चिकटलो तेव्हा घरच्यांनी पेढे वाटले होते. मला मात्र हवं होतं नाटक. पेणला आमच्या आळीत गणपतीत नाटक व्हायचं आणि माझ्या वाट्याला कायम भालदार नाहीतर हवालदार यायचा. वाक्य एक, तेही "जी सरकार" एवढंच. त्याचा सगळा राग मी तिकिटं फाडताना प्रवाशांवर काढायचो. सुट्ट्या पैशांवरून माझ्याशी भांडला नाही असा माणूस त्या रस्त्यावर सापडणं कठीण.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एकदा नागोठण्याला गाडीतून उतरताना पाय घसरला आणि गुडघा सुजला. डॉक्टरांनी तीन महिने हलकं काम लिहून दिलं. हलकं काम म्हणजे रोह्याच्या स्टँडवरची चौकशीची खोली. एक खुर्ची, एक जाळीची खिडकी आणि एक माइक. बाकीचे कंडक्टर खिडकीशी येऊन म्हणायचे, "बस आता पिंजऱ्यात. मिरची आणू का?"

पहिल्या दिवशी भिंतीवर चिकटवलेला कागद बघून खणखणीत आवाजात वाचलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. रोह्याहून नागोठणेमार्गे पेणला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे." आवाज छान लागला होता. पण बाकड्यावरचं कोणी हललं नाही. गाडी अर्धी रिकामी गेली. मग एक पांढऱ्या केसांची बाई खिडकीशी आली. भिसे खिंडीखालच्या वाडीतली, रोह्याच्या बाजारात रानभाजी विकून परत निघालेली.

"कोनाला सांगतंस रे बाबा?" ती म्हणाली. "आमी त्यात हाव का नाय?"

मी तिच्यावर डाफरणार होतो, पण तिचं खरं होतं. पेणच्या दोन गाड्या होत्या. एक भिसे खिंडीतून जायची, दुसरी कोलाड, खांब करून. पाटी दोन्हींवर एकच, पेण. आणि बाजाराच्या त्या बायकांना पेणला जायचंच नव्हतं. त्यांना उतरायचं होतं मधेच कुठेतरी, जिथे ना पाटी ना शेड.

कोण कुठे उतरतं हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? सात वर्षं कुरकुरत का होईना, घंटी मीच मारली होती. पुढची खिंडीची गाडी लागली तेव्हा मी कागदाकडे पाठ केली. "अष्टमी, मेढा, खिंडीतला वड, खालच्या वाडीचा फाटा, वीटभट्टी, नागोठणं! चला, उठा! टोपल्या टपावर, पोरं आत!"

सगळं बाकडं एकदम उठलं.

त्या दिवसापासून मी वेळेआधी कामावर जायला लागलो. बायकोला संशय आला. ती म्हणाली, "गुडघा दुखतोय ना? मग शीळ कसली घालताय?" सुट्टी झालेल्या कंडक्टरांना चहा पाजून मी त्यांच्या रस्त्यांवरचे थांबे विचारून घेई. गागोद्याला जाणाऱ्यांनी पेणला उतरून पुढची कुठली गाडी धरायची, तेही सांगे. कोणाची पिशवी बाकड्यावर राहिली तर "जावईबापू, सासूबाईंचे आंबे राहिले" असं माइकवरून पुकारे. स्टँड हसायचं. आयुष्यात पहिल्यांदा मला माझं काम आवडत होतं, आणि मी सुखी होतो.

अडचण एवढीच की गुडघा दीड महिन्यातच बरा झाला. बरा झाला म्हणजे परत पिशवी, परत तिकिटं. मी कोणाला काही बोललो नाही. लंगडत राहिलो. ते मात्र मी इतकं झकास केलं की आळीतल्या नाटकवाल्यांनी बघायला हवं होतं.

तीन महिने संपत आले आणि मोठे साहेब तपासणीला आले. माझ्या खुर्चीचं काय करायचं, तेही तेच ठरवणार होते. ते येऊन माझ्याच खोलीत बसले. माझी पाचावर धारण बसली. म्हटलं, आपलं ते वड न् वीटभट्टीवालं पुकारणं साहेबांनी ऐकलं तर आजच पिशवी गळ्यात पडायची. खिंडीची गाडी लागली तेव्हा मी भिंतीवरचा कागद वाचला. अक्षर न् अक्षर. साहेबांनी मान डोलावली.

बाकड्यावर त्या पांढऱ्या केसांच्या बाईसकट दहाबारा जणी होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बसून राहिल्या. डबल घंटी झाली. गाडी मागे आली, वळली, फाटकाकडे निघाली. खिंडीची पुढची गाडी थेट संध्याकाळची, आणि ह्यांची पोरं घरी उपाशी.

मी खुर्ची ढकलली आणि धावलो. फाटकाशी गाडी गाठून पत्र्यावर थापा मारल्या. ड्रायव्हरने ब्रेक दाबला. मागून बायका टोपल्या सांभाळत पळत आल्या.

"पुकारली होती की गाडी!" मी ओरडलो. "कान कुठे होते तुमचे?"

म्हातारीने पायरीवर पाय ठेवला. "ती साहेबाची गाडी व्हती," ती म्हणाली. "आमची तू पुकारलीसच नाय."

गाडी गेली. मी वळलो तर साहेब मागेच उभे, माझ्या गुडघ्याकडे बघत. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

"बरा झाला म्हणायचा," ते म्हणाले.

"दीड महिना झाला, साहेब," मी म्हणालो. खोटं बोलायचा कंटाळा आला होता. "मी लंगडायचं सोंग केलं. मला पिशवी नको. मला इथे बसायचंय."

त्यांनी बाकड्यावरच्या प्रवाशांकडे पाहिलं. मग विचारलं, "आता कुठली गाडी?"

"मुरूडची."

"मग पुकारा. माझी नको, ह्यांची."

मी खोलीत जाऊन माइक सुरू केला. धाप लागलेली, तरी मुरूडपर्यंतचे सगळे थांबे घेतले, पिंपळ आणि देवळांसकट. साहेब बाकड्यावर प्रवाशांमध्ये जाऊन बसले होते. बघता बघता बाकडं रिकामं झालं आणि ते एकटेच उरले. उठून माझ्या खिडकीशी आले, जाळीला तोंड लावून म्हणाले, "कंडक्टर मला पुष्कळ मिळतील. तुम्ही ही खुर्ची सोडू नका."

माइक चालूच होता. ते वाक्य सगळ्या स्टँडने ऐकलं. आता साहेबांनाही ते मागे घेता येईना.