फकिरा बहेकारचा असली घोंगड्या

फकिरा बहेकार आणि रानातला घोंगड्या यांची भेट झाली, त्या संध्याकाळी दरेकसाच्या जंगलातल्या वाघांनी आपापली पिल्लं तोंडात धरून सरहद्द ओलांडली होती. मोहाची फुलं घाबरून वेळेआधीच खाली पडली. ओढा वाहता वाहता थांबला आणि आता काय होतं ते पाहू लागला. बोगद्यातून निघालेली मालगाडी ड्रायव्हरने ब्रेक न लावता आपणहून उभी राहिली आणि गार्ड खाली उतरून शेवटच्या डब्याखाली लपला. गार्डाने ही गोष्ट पुढे कधी कबूल केली नाही, पण त्याच्या नोकरीचा प्रश्न होता, हे फकिरा समजून घेत असे.

आणि मग सागाच्या झाडांमधून तो आला. डोक्यापासून जमिनीपर्यंत केसच केस, जणू एखादी ओली घोंगडी स्वतःच उठून चालायला लागली आहे. डोळे भट्टीचं दार उघडल्यासारखे लाल. दात फावड्यासारखे. फकिराने भिलाईत पहिल्यांदा हा किस्सा सांगितला तेव्हा घोंगड्या माणसापेक्षा वीतभर उंच होता. फकिरा पोलाद प्लांटमधल्या खलाशाचा, म्हणजे हरकाम्या मजुराचा, क्रेन ऑपरेटर झाला तेव्हा घोंगड्यालाही बढती मिळाली आणि तो घराच्या छपराला लागला. रिटायरमेंटच्या दिवशी, गळ्यात हार आणि हातात नारळ घेऊन फकिराने रेल मिलच्या कॅन्टीनमध्ये शेवटचा किस्सा सांगितला, तेव्हा घोंगड्या क्रेनच्या केबिनमध्ये वाकून बघत होता.

"मंग तुम्ही काय केलं?" असं कोणी ना कोणी विचारायचंच. फकिरा छाती पुढे काढायचा. "आपन काय करन? आपल्या बापानं शिकोलं थेच केलं. कमरेची तंबाखू काढली, सागाच्या पानावर ठेवली, म्हनलं, घे मामा. आन् निंगालो. रीत मोडली नाई आपन."

फकिराच्या आयुष्यात सांगण्यासारखं एवढंच होतं. बाकी आयुष्यभर त्याने तापून लाल झालेले रूळ क्रेनने उचलून इकडचे तिकडे ठेवले, आणि रूळ थंड झाला की त्याच्याबद्दल कोणी विचारत नाही. पण सेक्टर सहापासून चरोद्याच्या रेल्वे कॉलनीपर्यंत, जिथे जिथे विदर्भातून आलेलं मराठी घर होतं, तिथे फकिराला लग्नाच्या पंगतीत हमखास पुढची जागा मिळे. कारण एकच. अख्ख्या भिलाईत घोंगड्या पाहिलेला माणूस हाच.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग घरात नीतू आली.

नीतू फकिराची सून, चरोद्याची. तिचा नवरा मोहित प्लांटमध्ये नाइट शिफ्ट करायचा आणि दिवसा झोपायचा. या घरात जे काही घडलं ते त्याच्या झोपेत घडलं, त्यामुळे त्याचा उल्लेख पुन्हा करण्याचं कारण नाही. नीतूने मागच्या व्हरांड्यात टी-शर्ट छापायचं मशीन टाकलं होतं. हथखोजच्या कारखान्यांची नावं ती कामगारांच्या टी-शर्टांवर छापायची. सासऱ्याचा किस्सा तिने नव्या सुनेच्या कर्तव्यबुद्धीने अनेकदा ऐकला होता. एका दुपारी एका फॅक्टरीची ऑर्डर रद्द झाली, कोरे टी-शर्ट उरले, आणि तिने त्यांच्यावर घोंगड्या छापला.

छापला म्हणजे काय, तर एक गोल गोळा काढला. त्याला बशीएवढे दोन डोळे. गालांवर गुलाबी ठिपके. डोक्यावर पिवळं हेल्मेट. खाली नाव: घोंगडू.

फकिराने तो पहिल्यांदा दोरीवर वाळताना पाहिला. "हे काय होय? कोबी?"

"बाबूजी, घोंगड्या आहे ना!"

"याले दात कोठी हायेत?"

"दात काढले तर बच्चे डर जाएँगे."

"मंग डरालेच पायजे ना बापा! घोंगड्या होय थो, का बालवाडीची बाई?"

नीतू हसली आणि पुढचा टी-शर्ट मशीनखाली घातला. फकिराला वाटलं, दोन-चार खपतील, बाकीच्यांची घरात फरशीपुसणी होतील. इथे त्याचा अंदाज चुकला. विश्वकर्मा पूजेच्या दिवशी प्लांट बघायला आलेल्या पोरांपैकी निम्म्यांच्या छातीवर घोंगडू होता. दसऱ्यापर्यंत तो स्कूटरच्या मागे बसला, "पीछे मत पड़, घोंगडू है" अशी अक्षरं घेऊन. मग तो मगवर आला, उशीवर आला, डब्यावर आला, आणि डब्याचं झाकण उघडलं की आत स्टीलमध्ये कोरलेलाही आला. दुर्गची लोकल उतरून पोरी खास घोंगडू घ्यायला यायला लागल्या. क्रेनच्या केबिनपर्यंत पोचलेला तो अक्राळविक्राळ प्राणी आता किल्लीच्या रिंगेला लटकत होता, आणि त्याच्या पोटावर दाबलं की 'ची' असा आवाज यायचा.

फकिरा सकाळी फिरायला निघाला की हा आवाज त्याच्या मागे लागे. मैत्रीबागेच्या गेटपाशी तर घोंगडूचे फुगे आले. फकिरा फुगेवाल्यासमोर जाऊन उभा राहिला.

"ऐसा नहीं होता वो."

"कौन, अंकल?"

"ये. घोंगड्या. इसका बाल जमीन तक रहता है. ये तो टकला है."

"अंकल, फुग्गे में बाल कहाँ से लगाऊँ?"

"हमने खुद देखा है. जंगल में."

फुगेवाल्याने त्याच्याकडे आदराने पाहिलं. "अच्छा? तो फिर आप बताओ, ये हरा वाला ज्यादा चलेगा कि पीला?"

शेजारी एक लहान मुलगी आईचं बोट धरून उभी होती. ती म्हणाली, "मम्मी, इन अंकल को घोंगडू के बारे में कुछ नहीं मालूम." आईने तिला दटावलं आणि फकिराकडे बघून अशी हसली, की फकिरा त्या दिवशी अर्ध्या वाटेवरून घरी परतला.

जखमेवर मीठ चोळायला शामसुंदर देशकर होतेच. देशकर प्लांटच्या अकाउंट्समधून रिटायर झालेले, मूळचे नागपूरच्या महाल वस्तीतले. गेली कित्येक वर्षं ते फकिराकडे संध्याकाळी चहा प्यायला यायचे आणि घोंगड्या म्हणजे अस्वल होतं, असं सांगून जायचे.

"काय फकिरा," ते खुर्चीत बसता बसता म्हणाले, "तुझा मामा आमच्या बाथरूममध्ये आला. नातवाने टूथब्रश आणलाय घोंगडूचा."

"साहेब, थो घोंगड्या नोहोय."

"पण खपतोय बरं का. तुझा खरा खपला नसता. अस्वलाचे टूथब्रश कोण घेतं?"

फकिराने चहा तसाच ठेवला आणि तडक व्हरांड्यात गेला. "नीतू, आता लय झालं. साऱ्या जगाले तू खोटं दाखवून राहिली. पोट्टेपाट्टे मलेच शिकोते, घोंगडू कसा रायते थे. एक त बंद कर, नाईतर खरा छाप."

नीतूने कात्री खाली ठेवली. तो रागावला आहे, हे तिला दिसलं असेल. पण धंदा करणाऱ्या माणसाला रागाच्या आत दडलेली ऑर्डर आधी दिसते. "बाबूजी, ये तो बढ़िया आयडिया है! 'असली घोंगड्या'. तुम्ही सांगा, मी काढते. जसा पाहिला तस्साच. एक केसपण कमी-जास्त नाही करणार. प्रॉमिस."

फकिरा एवढा खूश झाला, की रविवारी सकाळी त्याने दाढी केली, रिटायरमेंटला मिळालेला सफारी चढवला आणि चित्र जणू त्याचंच काढायचं आहे अशा थाटात बैठकीत येऊन बसला. नीतू मांडीवर टॅबलेट घेऊन समोर. सिंधुताई, म्हणजे फकिराची बायको, सुपात लसूण घेऊन खाली. देशकर चहाच्या वेळेच्या कितीतरी आधी हजर. ते म्हणाले, सहज आलो.

"हं, बाबूजी. पहले डोळे. लाल ना? गोल की लंबे?"

"लाल. भट्टीसारखे."

"हो, पण शेप? बदाम जैसे? आणि पापण्या होत्या?"

"पापन्या..." फकिराने छताकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. "अशीन ना. डोयाले पापन्या रायतेच."

"नाक?"

"होतं."

"कसं?"

"नाकासारखं."

"अस्वलासारखं," देशकर म्हणाले.

"साहेब, तुम्ही चूप बसा न जी!"

"दात वरचे मोठे की खालचे?" नीतूने पेन उचललं.

"वरचे. नाई, खालचे. दोनी."

तेव्हा सिंधुताईने लसणाची पाकळी सोलता सोलता, मान वर न करता विचारलं, "अजी, तुमाले दात दिसले कसे?"

"कसे म्हंजे? डोयानं."

"नाई, मी आपली इचारून राहिली. आमच्या गावातबी हेच सांगत. घोंगड्या भेटला का मान खाली घालाची. वर पाहाचंच नाई. तंबाखू ठेवाची, तं खालीच पाहून. निंगाचं, तं खालीच पाहून. जो त्याच्या तोंडाकडे पाहीन, त्याले रान आपल्या गावाची वाट पुन्ना दाखवत नाई. हेच होय का नाई रीत?"

"हो. हेच होय."

"आन् तुमी रीत मोडली नाई."

"नाई मोडली."

"मंग दात कोनं पाह्यले?"

 नीतूचं पेन हवेत राहिलं. देशकरांनी तोंड उघडलं आणि, त्यांच्या आयुष्यात प्रथमच, अस्वल न बोलता मिटलं.

फकिराची अडचण आता सरळ होती आणि तिला दोनच दारं होती. पाहिलं म्हणावं, तर बापाने शिकवलेली रीत मोडली. आणि सिंधुताई त्याला आजच्या आज तंबाखू आणि नारळ देऊन दरेकसाला पाठवणार, शिवाय गावाकडचं घर पडलं, शेत भावाकडे गेलं, पोराची बदली झाली नाही, या सगळ्याचं कारण सापडलं म्हणून जन्मभर ऐकवणार. नाही पाहिलं म्हणावं, तर डोळे गेले, दात गेले, केबिनमध्ये वाकून बघणारा घोंगड्या गेला, पंगतीतली पुढची जागा गेली.

"तुले पयल्यापासून मालूम होतं?" त्याने बायकोला विचारलं.

"लग्न झालं त्याच रात्री. तुमी मले हेच सांगत बसले होते."

"मंग एवढे दिवस बोलली कावून नाई?"

"तुमी कोठी मले इचारलं?" सिंधुताईने सूप आपटून फोलपटं वेगळी केली. "मले वाटलं, सांगून राहिले तं सांगू द्या. पोरं भेतात, झोपतात. पन आता हे छापाले निंगाले. छापलं का मंग पक्कं होते. उद्या घोंगड्यानं पाह्यलं आपलं चित्र, तं थो म्हनन, याले कसा दिसलो मी?"

फकिराने सफारीचं वरचं बटण काढलं. तो फरशीकडे पाहत बसला, आणि बहुधा त्या संध्याकाळीही तो असाच खाली पाहत उभा असावा.

"नाई पाह्यलं," तो शेवटी म्हणाला. "मान खालीच होती. भेव लागत होतं ना बापा, वर पाहाची हिंमत कोनाची?"

"मग तुला काय दिसलं?" देशकरांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनीही कधी विचारला नव्हता.

"केस. खालचे. मातीले टेकले होते, वल्ले होते, आन् त्याहीत वाळकी पानं अटकली होती. लय जवळ होता. श्वास आयकू ये. मी पानावर तंबाखू ठेवली. केस हालले. मंग पान रिकामं झालं."

"बस?"

"बस. मंग मी निंगालो. मालगाडी मातर खरंच उभी होती. सिग्नल नव्हता तिले."

 सिंधुताईने देशकरांसमोर चहा ठेवला. नीतू मात्र कामाला लागली होती, कारण जसा पाहिला तस्साच काढणार, हा शब्द तिने दिलेला होता आणि चरोद्याच्या पोरी शब्दाच्या पक्क्या असतात.

"बाबूजी, केसांची किनार सीधी की वाकडी?"

"वाकडी. आन् तिकडून नोको दाखवू, इकडून दाखव. मी इकडं होतो." फकिरा उठून तिच्या खांद्यामागे जाऊन उभा राहिला. "हे पान एवढं हिरवं नोको. उन्हाळ्याचे दिवस होते. अजून मळकट कर. हं. हा केस जरा लांब. नाई, एवढा नाई. हं, असा! हेच होय! अवो, पाह्य न जरा, हेच होय!"

सिंधुताईने पाहिलं आणि म्हणाली, बरं आहे, याला कोणी नाव ठेवणार नाही.

तो टी-शर्ट मातकट रंगाचा होता. छाती पूर्ण कोरी. पोटही कोरं. अगदी खाली, शिवणीच्या जरा वर, ओल्या केसांची एक वाकडी झालर, आणि तिच्यासमोर एक रिकामं सागाचं पान. मागे छोट्या अक्षरात लिहिलं होतं: असली घोंगड्या, फकिरा बहेकार यांनी पाहिला तेवढाच. फकिराने तो सिव्हिक सेंटरच्या दुकानात स्वतः नेऊन दिला आणि आठवडाभर रोज समोरच्या बाकावर बसून पाळत ठेवली. लोक यायचे, मातकट टी-शर्ट उलटा करून छापलेली बाजू शोधायचे, आणि हेल्मेटवाला घोंगडू घेऊन जायचे. फकिरा बाकावरून उठून सांगायला जायचा, "भाऊ, असली वो है," आणि दुकानदार त्याला हात जोडून पुन्हा बाकावर बसवायचा.

असली घोंगड्याचा एकच टी-शर्ट खपला. तो देशकरांनी घेतला, आणि तो त्यांना काखेत तंग झाला.