दोन इंच की चार

माझ्या भावोजींना गल्लीत सगळे 'शिडी' म्हणतात. ते आहेतच तसे, लांबलचक, काटकुळे आणि दिसेल त्या भिंतीला टेकून उभे राहणारे. माझी ताई त्यांच्या खांद्यालाही लागत नाही. लग्नात फोटोवाल्याने तिला स्टुलावर उभं केलं होतं आणि नेमकं ते स्टूलही फोटोत आलं. हा उंचीचा मामला आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरूनच घडलं.

दोघं मिळून लोकांचं घरसामान हलवून देतात. एक पिकअप आणि दोन माणसं, एवढाच कारभार. पिकअप त्यांच्या मुलीच्या जन्माआधी दोन वर्षं घेतली, म्हणून गाडीचं नाव थोरली. आता थोरलीला चौदा वर्षं झाली. तिचा मूळ रंग कोणता यावर घरात एकमत नाही.

मी शाळेत भूगोल शिकवतो. सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर जातो, दोऱ्या सोडतो, गाद्या वाहतो आणि न विचारता सल्ले देतो. जड वस्तूंना मला हात लावायची परवानगी नाही. एकदा एका गिऱ्हाइकाचा आरसा मी जिन्यातच टेकवला होता, तेव्हापासून.

जड वस्तू चढवायची त्यांची एक ठरलेली रीत होती. कपाट आडवं करायचं, दोघांनी मिळून त्याचं डोकं पिकअपच्या हौद्याच्या कडेवर टेकवायचं, मग भावोजींनी उडी मारून हौद्यात जायचं. खालचं टोक ताईने उचलून कमरेवर घ्यायचं. वरून भावोजी ओढणार, खालून ताई रेटणार. हौद्याची कड जेमतेम ताईच्या कमरेइतकी, त्यामुळे कपाट अलगद सरकायचं. आणि दर वेळी वरून भावोजींची आरोळी यायची, "जरा जोर लाव की!" गिऱ्हाइकं हसायची. मीही हसायचो.

यंदा शहराच्या कडेला टेकडीवर नवी वसाहत झाली. घरं आधी झाली आणि रस्ता राहिला, हे नेहमीचंच. राहायला जाणाऱ्यांची रीघ लागली, पण वाटेवर कलिंगडाएवढे दगड. भरलेली थोरली त्यावरून जाताना पोट घासून जायची. दोन खेपा कशाबशा झाल्या. तिसऱ्या खेपेला खालून असा आवाज आला की मागे बसलेल्या मला वाटलं, जमीनच फाटली. उतरून पाहिलं तर धुराचा पाइप लोंबत होता. तो तारेने बांधता बांधता भावोजींनी जाहीर केलं, "गाडी उचलून घ्यायची."

भावोजींच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ती बाहेर काढायला जॅक लागतो. दुसऱ्याच दिवशी ते गाड्या सजवायच्या एका चकचकीत दुकानात गेले. मीही गेलो. दुकानदाराने रिकाम्या थोरलीला टेप लावला, मान हलवली आणि म्हणाला, "चार इंच. मागे लोखंडी ठोकळे टाकतो, पुढूनही उचलतो. संध्याकाळी घेऊन जा." दारात त्याने नमुना म्हणून एक गाडी उभी केली होती. शेजाऱ्यांच्या भिंतीवरून डोकावायला टाचा उंचावलेल्या बाईसारखी ती दिसत होती. भावोजी तिच्याभोवती तीनदा फिरले.

घरी ताई भांडी पुसत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मग कपाट चढवायचं कसं? चार इंचांनी कड माझ्या बरगड्यांना लागेल."

"तू कशाला चढवतेस? एक गडी ठेवू," भावोजी म्हणाले. "तू आता घरी आराम कर. फोन घे, तारखा लिहून ठेव. पुष्कळ झालं."

हे त्यांनी अगदी मायेने म्हटलं. म्हणूनच मला जास्त राग आला. रागाने म्हटलं असतं तर ताईने तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं. ती फक्त "बघू" म्हणाली आणि पुसलेलाच पेला पुन्हा पुसायला लागली.

भावोजी अंघोळीला गेल्यावर ती माझ्याकडे वळली. "घरात बसून मी काय करू रे? फोन उचलायला मी कशाला हवी? कोणाचं कपाट कुठल्या दारातून निघेल, हे मला बघितल्याबरोबर कळतं. ते एकच मला येतं." तिचे डोळे भरले होते. माझी ताई रडणाऱ्यांपैकी नाही. लहानपणी झाडावरून पडली तेव्हाही मीच रडलो होतो. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त भावोजींचा संताप आला. पण मेहुण्याने संतापून काय करायचं? मी आपला एक सल्ला दिला, या खेपेला कामाचा.

"भावोजी," जेवताना मी म्हणालो, "मुलांनी एकाच पुस्तकातलं उत्तर लिहिलं तर मी मार्क देत नाही. दुसरीकडेही विचारा की."

दुसरीकडे म्हणजे जुन्या बाजारामागचा पाटेवाला. गाडीच्या चाकांवर पोलादी पट्ट्यांची चळत असते, तिला पाटे म्हणतात. गाडीतलं सगळं ओझं त्यांच्यावर येतं. हा म्हातारा जन्मभर तेवढंच काम करत आलेला. त्याच्या दुकानाला पाटी नाही, दारही नाही. नुसती पत्र्याची शेड, आत एक भट्टी आणि भिंतीला टेकवलेल्या वाकड्या पट्ट्या. फोनवर त्याने भावोजींना बजावलं, "रिकामी गाडी आणू नका. भरून आणा. आणि भरणारेही आणा."

आम्ही वाळूच्या गोण्या आणि ताईचं स्वतःचं लोखंडी कपाट असं भरून थोरली नेली. म्हातारा आधी गाडीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. भावोजी त्याच्या पायांशीच बोलत राहिले. मग त्याने सामान उतरवायला लावलं आणि रिकाम्या गाडीचं माप घेण्यासाठी टेप शोधायला लागला. टेप काही सापडेना.

"हे घ्या," म्हणत ताईने पिशवीतून आपली दोरी काढली. गिऱ्हाइकाच्या घरी सामान बघायला जाताना ही दोरी तिच्याकडे असतेच. गाडी आली त्या दिवशी तिने त्या दोरीत गाठी मारल्या होत्या, एक हौद्याच्या लांबीची, एक रुंदीची आणि एक जमिनीपासून कडेच्या उंचीची. दारासमोरच्या पायऱ्यांना गाडी भिडवता येईल का, ते या शेवटच्या गाठीवरून कळायचं.

म्हाताऱ्याने दोरी कडेला लावली. गाठ कडेच्या वर गेली, चांगली दोन बोटं नव्हे, पुरे दोन इंच.

"गाठ सरकली असेल," भावोजी म्हणाले.

"गाठ तिथेच आहे. गाडी सरकलीय," म्हातारा म्हणाला. "पाटे बसलेत. चौदा वर्षांत रोज थोडे थोडे. तुम्हाला कळलं नाही, कारण तुम्ही रोज बघत होता."

दोन इंच खाली गेलेल्या गाडीत आम्ही कपाटं चढवत होतो आणि तीच तिची उंची समजत होतो. भूगोलाचा मास्तर असून मलाही ते दिसलं नव्हतं.

"मग चार इंचांचे ठोकळे?" भावोजींनी विचारलं. ती टाचा उंचावलेली गाडी काही त्यांच्या मनातून जात नव्हती.

"ठोकळ्याने गाडी उंच होते, दणकट होत नाही. स्टुलावर उभं राहून कोणी पैलवान होतो का?" म्हातारा म्हणाला. मी ताईकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघायचं टाळलं. "तुमचे पाटे थकलेत. ओझं पडलं की ते ठोकळ्यांसकट खालीच बसणार. वर उंच कपाट बांधून वळणावर गेलात तर गाडी झुलेल. ब्रेकचे पाइप ताणले जातील. नवे पाटे घ्या, त्यात एक पट्टी जास्तीची टाकतो. गेलेले दोन इंच परत येतील, आणि भरल्यावरही बरेचसे टिकतील. दगडांना तेवढं पुरतं."

"पण टेकडीवर..."

"टेकडीवर गाडी भरलेली असते, म्हणून मी भरून आणायला सांगितलं. पण कपाट चढवताना ती रिकामी असते, आणि खाली माणूस उभा असतो. त्याचंही माप घ्यावं लागतं. खाली कोण उभं राहतं?"

"मी," ताई म्हणाली.

म्हाताऱ्याने तिला एकदा नीट बघितलं. मग त्याने चारही चाकांखाली फळ्या घालून थोरलीला आधी दोन इंच उचललं. कपाट आणलं. भावोजी वर, ताई खाली. कपाट गेलं. थोडं अडलं, पण गेलं. ताईच्या कपाळावर घाम आला, पण चेहरा खुलला. "जमतंय," ती म्हणाली, जरा जास्तच मोठ्याने.

मग चार इंच. या वेळी कपाटाचं टोक कमरेवर घेऊन पुरेना. तिने ते छातीपर्यंत उचललं. कपाट अर्ध्यावर थांबलं आणि वरून सवयीने आरोळी आली, "जरा जोर लाव की!"

मी धावलो. परवानगी गेली खड्ड्यात. दोघांनी मिळून कपाट खाली ठेवलं.

म्हातारा शांतपणे म्हणाला, "साहेब, तुम्ही खाली या. बाई, तुम्ही वर जा."

"उलट कशाला? वरचं काम ओढायचं असतं. ते जड असतं," भावोजी म्हणाले. हे ते खोटं बोलत नव्हते. चौदा वर्षं त्यांची तशीच समजूत होती. त्यांचे हात लांब, म्हणून ते वर गेले, आणि वर गेले म्हणून कष्टाचं काम आपण करतो असं त्यांनी धरून ठेवलं.

ते खाली आले. ताई वर चढली. भावोजींनी टोक जमिनीवरून उचलायला घेतलं, कपाट तिरकं होतं आणि त्याचं सगळं वजन आपल्या वाटेने खाली आलं. मी त्यांचा चेहरा बघत होतो. आधी आश्चर्य वाटलेलं दिसलं, मग गालांतलं हसू गेलं, मग गळ्याच्या शिरा फुगल्या.

वरून ताई म्हणाली, "जरा जोर लावा की!"

म्हातारा हसला. मी तर पोट धरून हसलो. भावोजी हसले नाहीत. त्यांनी कपाट आत लोटलं, दोन पावलं मागे आले आणि फळ्यांच्या चळतीवर बसले. कमर चोळायला लागले.

"रोज असंच?" त्यांनी विचारलं.

"काय असंच?"

"सगळं वजन खालीच येतं."

"मग कुठे जाईल?" ताई म्हणाली.

"चौदा वर्षं मी वरून ओरडत होतो." भावोजी म्हणाले. "तू बोलली का नाहीस?"

ताई हौद्याच्या कडेवर बसली. तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

"बोलले असते तर तुम्ही तेव्हाच गडी ठेवला असता," ती म्हणाली.

मी तिचा सख्खा भाऊ, दर सुट्टीला तिथे उभा असायचो आणि त्या आरोळीवर हसायचो. माझी मलाच लाज वाटली.

भावोजी उठले, फळ्यांवरून हात फिरवला आणि म्हाताऱ्याला म्हणाले, "दोन इंच. नवे पाटे. ठोकळे नकोत." मग ताईकडे न बघता म्हणाले, "आणि गड्याचा विषय संपला. खाली मी राहीन."

"कायम नाही हं," ताई वरूनच म्हणाली. "एक कपाट तुम्ही, एक मी. सारखी वर राहिले तर मलाही ओरडायची सवय लागेल."

नवे पाटे लावायला दोन दिवस लागले. थोरली परत आली तेव्हा ताईने दोरी लावून बघितली. गाठ कडेला बरोबर टेकली. पुढच्या सुट्टीला आम्ही टेकडीवर गेलो. दगड होते तिथेच होते, पण थोरली त्यांच्यावरून पोट न घासता गेली. भावोजींनी मला तीनदा विचारलं, "आवाज आला का?"

पहिलं कपाट त्यांनी खालून उतरवून घेतलं. दुसऱ्याला ताई खाली उभी राहिली. मी दोऱ्या गुंडाळत त्या आरोळीची वाट बघत होतो. ती आली नाही. भावोजी वर वाकून उभे होते, कपाटाला दोन्ही हात लावून.

"टेकलं का नीट?" त्यांनी विचारलं.

आणि ताई "टेकलं" म्हणेपर्यंत त्यांनी कपाट हलवलं नाही.