पोरीला जपणारे काका

अंगणात खुर्ची टाकून, पायावर पाय ठेवून, आभाळाकडे बघत ते म्हणायचे, "वातावरण बरं नाय."

आभाळ स्वच्छ असायचं. त्यांना पावसापाण्याची काळजी नव्हती. विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर पेटलं होतं आणि काकांना त्यातून एकच गोष्ट मिळाली होती, पोरीला घरात बसवायला कारण. असे काका तुमच्याही गल्लीत असतील. नीट बघा, खुर्चीवरून ओळखू येतात.

पुंडलिकनगरात आमची दारं समोरासमोर. फर्दापूरकडची जमीन वाटेकऱ्याला देऊन ते शहरात आलेले. नोकरी कारकुनाची, बोलणं जहागीरदाराचं. दगड पडले ते माझ्या माहेरच्या वस्तीवर. तिथे घरं जळाली, भावाचं डोकं फुटलं, आणि संचारबंदी उठली तशा आमच्या बाया डबे घेऊन पुन्हा कामाला निघाल्या. काकांच्या अंगणात साधा खडाही आला नव्हता. वातावरण मात्र सगळं तिथेच बिघडलेलं.

त्यांची मुलगी आयटीआयला रेडिओ-टीव्हीच्या कोर्समध्ये पहिली आली होती. काका तिला लुनावर बसवून न्यायचे आणि लुनावर बसवून परत आणायचे. शिकवायचं कशाला, तर "लग्नात सांगायला बरं पडतं." तेव्हा वाळूजला नव्या कंपन्या उघडत होत्या. मी तिथल्याच एका कंपनीत कामाला होते. आमच्या साहेबांच्या कानावर घातलं आणि तिला बोलावणं आलं. संध्याकाळी ती माझ्या दारात उभी. चेहरा नुसता फुललेला.

"ताई, डबा आपलाच न्यायचा, का तिथं कँटीन हाय?"

मी तोंड उघडायच्या आत अंगणातून आवाज आला.

"आमच्यात पोरी कामाला जात नसत्यात. त्यात वातावरण बरं नाय."

"काका, मी रोज जाते की."

"तुमचं येगळं हाय, बाई."

वेगळं म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही. मला सांगायची गरजही नव्हती. माझा कंपनीचा निळा कोट दोरीवर वाळत असला की हा गृहस्थ खुर्ची फिरवून बसायचा.

मोर्चे निघाले, थंडावले, पुन्हा निघाले. कंपनीचं बोलावणं आणखी एकदा आलं आणि तसंच गेलं. तिकडे वाळूजच्या कंपन्यांभोवती बजाजनगर वसलं आणि लग्नाच्या बाजाराने काकांना चांगलाच चकवा दिला. येणारं प्रत्येक स्थळ विचारू लागलं, "मुलगी नोकरी करते का?" लग्नासाठी म्हणून पोर घरात ठेवली आणि घरात ठेवली म्हणून लग्न जमेना. याला म्हणतात शहाणपण.

एका सकाळी स्वारी माझ्या दारात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"बाई, तो निळा कोट आजच्या दिवस द्या. पाव्हणे येणारेत. पोरगी आत्ताच कंपनीतून आली असं दाखवायचंय." मग जरा थांबून, "धुतलेला हाय ना?"

मी दिला. हा माणूस किती खाली उतरतो ते मला बघायचं होतं. तर त्यांनी साक्षीला मलाही बोलावलं, 'कंपनीतली मैत्रीण' म्हणून. कपबशी मात्र माझी वेगळी.

मुलाच्या वडिलांनी मुलीला मायेनं विचारलं, "कोणत्या खात्यात आहेस, बाळ?"

ती उठली. कोट काढला, त्याची नीट घडी घातली आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"मी कुठंच जात नाय. बाबा जाऊ देत नाहीत. हा कोट ताईंचा हाय."

काकू चहाचा ट्रे घेऊन दारातच थिजल्या. पाहुणे उठले. ते गेल्यावर काका माझ्यावर उखडले, "तुम्हीच शिकवलं तिला!" शिकवलं असतं तर मला अभिमानच वाटला असता. पण ते तिचं तिनंच केलं होतं.

पुढे विद्यापीठाला नाव मिळालं आणि त्याच साली काका गेले. झोपेत, कसलाही त्रास न होता. जमलेली मंडळी म्हणत होती, "पोरीला फुलासारखं जपलं बिचाऱ्यानं." मला हसू आवरेना. तोंडाला पदर लावला, तर लोकांना वाटलं मी रडतेय.

तेरावा झाला आणि मी तिला वाळूजला घेऊन गेले. साहेबांनी सर्टिफिकेट पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"मार्क चांगले आहेत, पण आता आम्ही पंचविशीच्या आतल्याच मुली घेतो."

ती रडली नाही. "बरं," म्हणाली आणि माझ्याबरोबर फाटकाशी आली. माझी शिफ्ट सुरू व्हायची वेळ झाली होती. रस्त्यावर बसगाड्या, सायकली, माणसांचा लोंढा. ती कडेला अंग चोरून उभी राहिली. याच शहरात लहानाची मोठी झालेली, तिशी ओलांडलेली बाई.

"ताई," ती हळूच म्हणाली, "घराकडं कुठली बस जाती? ह्या बाजूला उभं ऱ्हायचं, का त्या?"

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी तिथेच काकांना एक कचकचीत शिवी हासडली. ऐकायला ते नव्हते. फाटकावरचा वॉचमन तेवढा दचकला.