खुडूक नव्हती

पत्नी गेल्यावर शारजातल्या आमच्या घरामागे तिच्या तीन कोंबड्या उरल्या. जूनमध्ये त्यांतली तांबडी दोन दिवस खुराड्याच्या कोपऱ्यात बसून राहिली. मला वाटलं, अंडी उबवायला खुडूक बसली असेल. खुडूक कोंबडीला उठवू नये, असं पत्नी म्हणायची. मी दाणे जवळ ठेवले आणि मागे फिरलो.

शनिवारी मुलगी दुबईहून आली. तिने हात पुढे केला, तरी तांबडीने चोच मारली नाही.

"बाबा, शी इज नॉट ब्रूडी. खुडूक असती तर तुला फोडून काढलं असतं. शेपटी बघ, किती खाली गेलीय. अंडं अडकलंय."

"मला वाटलं, तिला शांतता हवीय."

"आईच्या वेळीही तू हेच म्हणालास," ती म्हणाली आणि तिने तांबडीला उचलून घेतलं.

ते खरं होतं. जाण्याआधीच्या हिवाळ्यात पत्नी दुपारभर पडून असायची. मी दार हलकेच ओढून घ्यायचो आणि बाहेर वाचत बसायचो.

गच्चीवरच्या टाकीमुळे आमच्या गार पाण्याच्या नळाला उन्हाळ्यात कढत पाणी येतं. ते कोमट होऊ दिलं आणि तांबडीला टबात बसवलं. तिचं पोट माझ्या तळहातावर घट्ट लागत होतं. बऱ्याच वेळाने तिने जोर केला आणि मऊ कवचाचं एक अंडं पाण्यात आलं. टॉवेलात गुंडाळल्यावर तिने मान वर केली.

"बरी दिसतेय आता," मुलगी म्हणाली.

"दिसतेय," मी म्हणालो आणि तांबडीला डॉक्टरकडे न्यायला गाडीची किल्ली घेतली.