आईचा थैला

वरठीच्या फलाटावर आईनं थैला हातात दिला, तेव्हा मी आधी कुणी ओळखीचं बघतंय का ते पाहिलं. बाबांच्या जुन्या खाकी पँटचा थैला, आत नवे तांदूळ. "थैला वापस आणजो," गाडी हलली तरी ती सांगत होती.

लाखनीकडच्या आमच्या गावात हा नियमच. कुणाकडून थैला आला की तो परत करायचा, आणि रिकामा नाही. काहीच नसलं तर ओंजळभर लाखोळीची डाळ तरी घालायची.

पुण्याच्या हॉस्टेलवर मैत्रिणीनं नाक मुरडून विचारलं, "हे काय गं?" "शेजारच्या काकूंनी गळ्यात मारलं," मी म्हणाले. एका दमात आईची काकू केली आणि थैला पलंगाखाली कोंबला. गाव सोडून आलेल्यांनो, तुम्हीही असलं काही केलं असेल. पण माझं तेवढ्यावर भागलं नाही.

पुढे मला कापडी पिशव्या बनवणाऱ्या कंपनीतच नोकरी लागली. डिझाइन माझं. पिशवी दिसायची झकास, पण किराणा भरला की धरायचे बंद तोंडापाशी उसवायचे. परत आलेल्या मालाचा ढीग पाहून साहेबांनी मला महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली. तेव्हा तो थैला आठवला.

आईनं बंद वर शिवलेच नव्हते. एकच लांब पट्टा तळाखालून घेऊन दोन्ही बाजूंनी वर काढला होता. ओझं शिवणीवर येतच नव्हतं. नीट कळावं म्हणून मी थैला उसवला. मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "आयडिया कुणाची?"

"माझी," मी म्हणाले. टाळ्या पडल्या. मी हसून घेतल्यासुद्धा.

गेल्या दिवाळीला ती नवी पिशवी घेऊन घरी गेले. आईनं सवयीनं आधी ती उलटी केली, तळावरून बोट फिरवलं आणि बाबांना म्हणाली, "पाहा जी, पट्टा खालून घेतला. यायच्या कंपनीत बी कोणी समजदार बाई असन."

मी चहात बघत बसले. सांगायला याहून बरी वेळ मिळणार नव्हती.

"आपला थैला काहून नाई आणला?" तिनं विचारलं.

"रायला तिकडंच."

"असू दे. पुढच्या खेपेले आणजो." आणि निघताना तिनं त्याच नव्या पिशवीत मला तांदूळ भरून दिले.

थैला माझ्या कपाटात आहे, अजून उसवलेलाच. शिलाई मशीन खोलीतच आहे, शिवायला अर्धा तास पुरे. माझं घर म्हणजे आता जिथं तो थैला परत द्यायचा राहिला आहे ती जागा. पण तो रिकामा देता येत नाही. त्यात काय घालायचं ते मला पक्कं ठाऊक आहे, आणि आईसमोर तेवढंच तोंडातून निघत नाही.