ओंजळीतली अंबिल

"तू तिकडं बांधावर बस. हितं लेकरं जेवायलेत."

येळवसचा दिवस. आमच्या निलंग्याकडं या अमावास्येला सगळा गाव शेतात जेवतो. कडब्याची खोपीसारखी कोप, पूजा, भज्जी, अंबिल. वाटसरूलाही हात धरून पंगतीत बसवतात. मी त्या शेतात अर्धं आयुष्य राबलेली बाई. मला बांधावर बसवलं. दोन्ही बाजूंना पांढऱ्या फुलांचं गाजरगवत.

मालकीण, जिला मी वैनी म्हणते, तांब्या घेऊन आली. वाटी दिली नाही. म्हणाली, "ओंजळ धर." वरून अंबिल ओतली. माझ्या तळहातांना भेगा होत्या, त्यांतून पाणी येत होतं. आंबट ताक भेगांत शिरलं, डोळ्यांपुढं अंधारी आली. पंगत बघत होती. कुणाचा घास थांबला नाही.

जात आमची एकच, दूरची भावकी. वरून ओतायची रीत त्या घरात जुनीच. या वेळी ती माझ्यासाठी काढली.

गेल्या पावसाळ्यात मानेला खाज सुटली. मग चेहरा, हात. कातडी काळी पडली, बैलाच्या खांद्यासारखी जाड झाली. वैनीनं गावभर केलं, "हिला महारोग झालाय." माझं भाजी तोडायचं काम बंद. खुरपणाऱ्या बायकांतून उठवलं आणि एकटीला बांधावर गाजरगवत उपटायला लावलं. मी हातानं उपटत राहिले. अंग आणखी चिघळलं. चिघळलं म्हणून पुन्हा बांधच दिला. काम तरी देतात, म्हणून मी त्यांचे उपकार मानत होते.

शेवटी लातूरच्या कातडीच्या डॉक्टरकडं गेले. त्यांनी कशाचा त्रास होतो ते बघायला पाठीवर वेगवेगळ्या गोष्टींच्या पट्ट्या चिकटवल्या. दोन दिवसांनी गाजरगवताची पट्टी काढली तिथं पाठ टरारून सुजली होती. "मावशी, हा कुणाला लागणारा रोग नाही. त्या गवतानं होतंय. उतारवयातही असं सुरू होतं. गवताच्या जवळसुद्धा जाऊ नका." मला तिथंच रडू फुटलं.

गावी येऊन वैनीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "डॉक्टर काय आमच्या पंगतीत जेवणाराय का? अन् गवत न्हाई उपटलं तर तुला दुसरं काम कोण देतंय?"

तरी येळवसचं बोलावणं आलं तेव्हा वाटलं, पटलं असेल तिला. म्हणून गेले. आणि ओंजळ धरून बसले.

मग ओंजळ उघडली. अंबिल मातीत गेली.

"माजली गं ही! सणाचं अन्न सांडलं!" वैनी ओरडली.

मी म्हणाले, "वैनी, ह्यो रोग तुमच्या बांधाचा हाय. तुमचं गवत आता तुमी उपटा."

त्या दिवसापासून मला गावात काम नाही. हात अजून फुटतात. परवा मालकानं निरोप धाडला, फवारणीचे हातमोजे देतो, ये. म्हणजे मोजे घरात होतेच. मी उपटत होते तेव्हाही होते.

मी गेले नाही. जाणारही नाही.

पुढच्या येळवसला मात्र जाणार. त्या दिवशी आलेल्याला परत लावायचं नसतं, हा रिवाज त्यांचाच. घरून माझी वाटी नेणार आणि पंगतीच्या मधोमध बसणार. ज्याला उठायचं त्यानं उठावं.